‘गुणी बाळ’ आणि टाचेतला एक थेंब

“लय गुणी लेकरू आहे, डॉक्टर. जन्मल्यापासून कधी रडून त्रास दिला नाही.”

आजी माडियात बोलत होती आणि सोबत आलेली आशाताई ते मराठीत सांगत होती. भामरागडच्या बाजूने निघालेली ही मंडळी वाटेत एक रात्र नातेवाइकांकडे काढून अहेरीला माझ्या ओपीडीत पोहोचली होती. तक्रार एकच : मुलीला आठ-आठ दिवस संडासला होत नाही. मुलगी साडेतीन वर्षांची, पण उंची जेमतेम सव्वा वर्षाच्या मुलाएवढी. धरून उभे केले तर उभी राहत होती, सोडले की बसत होती. जीभ किंचित बाहेर, त्वचा कोरडी आणि गार, बेंबी फुगून वर आलेली आणि गळ्यावर मऊशी सूज. आईला ती ‘या’ म्हणायची, त्यापलीकडे शब्द नव्हता.

रक्ताचा अहवाल यायच्या आधीच निदान डोळ्यांसमोर होते. जन्मजात थायरॉइडची कमतरता. टीएसएच शंभराच्या पुढे निघाले, थायरॉक्सिन जवळजवळ नव्हतेच. गोळी सुरू केली. पंधरा दिवसांत पोट मोकळे झाले, महिन्याभरात अंग गरम लागू लागले, वर्षात उंची भराभर वाढली. आजीला वाटले, नात बरी झाली. तिला पुढचे सांगणे हे माझ्या नोकरीतल्या अवघड कामांपैकी एक होते. शरीर भरून निघेल, पण मेंदूचे गेलेले दिवस परत येणार नाहीत.

ही गोळी दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आत येते. तीच गोळी जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली असती, तर आज ही मुलगी अंगणवाडीत इतरांबरोबर गाणी म्हणत असती. (रुग्ण ओळखता येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जन्मताना काहीच का दिसत नाही?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. अन्नातले आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. मोठ्या माणसात ते कमी पडले तर वजन वाढते, थकवा येतो, केस गळतात. उपचार घेतले की हे सगळे मागे फिरते. पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळात गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मेंदूतल्या पेशी आपापल्या जागी पोहोचणे, एकमेकींशी जोडल्या जाणे, त्यांच्यावर आवरण चढणे ही सगळी कामे थायरॉक्सिनच्या देखरेखीखाली होतात आणि त्यांचा काळ ठरलेला असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर हे बांधकाम बहुतांशी आटोपलेले असते.

गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि हळूहळू खाली गळ्यात उतरते. काही बाळांत ती तयारच होत नाही, काहींत वाटेतच अडकते, काहींत खूप लहान राहते. जगभरातल्या रुग्णांपैकी मोठा वाटा अशांचा आहे. उरलेल्यांत ग्रंथी जागेवर असते, पण संप्रेरक बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी जनुकीय दोषाने तुटलेली असते. मग मेंदूतून ‘अजून बनव, अजून बनव’ असा निरोप, म्हणजेच टीएसएच, सतत येत राहतो आणि ग्रंथी फुगते. वर सांगितलेल्या मुलीच्या गळ्यावरची सूज ही त्यातली.

जन्मताना बाळ नॉर्मल दिसते, कारण आईचे थायरॉक्सिन वारेतून थोडेफार बाळापर्यंत पोहोचलेले असते. नाळ कापली की ती शिदोरी संपू लागते. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक बाळांत पहिल्या दिवसांत डॉक्टरलाही काही कळत नाही. पुढे हळूहळू खुणा दिसू लागतात : कावीळ दोन-तीन आठवडे रेंगाळते, बाळ दूध कमी ओढते, झोपून राहते, रडण्याचा आवाज घोगरा येतो, बद्धकोष्ठ होते, टाळू मोठी राहते, बेंबी फुगते. पण यातली प्रत्येक खूण वेगळी घेतली तर निरोगी बाळातही दिसते. शिवाय न रडणारे, रात्रभर झोपणारे बाळ घरात कौतुकाचे असते. तक्रार करणार कोण?

इथे माझीही एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत महिन्याच्या एका बाळाची कावीळ उतरत नाही म्हणून आई आली होती. ‘कोवळ्या उन्हात धरा’ असे सांगून मी तिला परत पाठवले. त्या बाळाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. कदाचित ती साधी, अंगावरच्या दुधामुळे रेंगाळणारी कावीळ असेल. पण टीएसएच तपासायला हवे होते आणि मी तपासले नाही. तेव्हापासून पंधरा दिवसांहून जास्त टिकलेली कावीळ दिसली की मी आधी रक्त पाठवतो.

शेळीचे करडू आणि माणसाचे मूल

हा आजार फक्त माणसाचा नाही. ज्या भागातल्या माती-पाण्यात आयोडीन कमी आहे तिथे शेळ्यांना मेलेली किंवा अशक्त करडे होतात. त्यांच्या अंगावर केस विरळ असतात आणि गळ्याला गाठ असते. कोकरे आणि वासरे यांच्यातही हे पशुवैद्यकांना परिचित आहे. गाभण मेंढ्यांना कोबीवर्गीय चारा भरपूर दिला तर आयोडीनच्या वापरात अडथळा येऊन गाठीची कोकरे जन्मतात. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकांडर जातीच्या गुरांत पिढीजात गलगंड होता. त्यामागे थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष निघाला. याच जनुकातले दोष माणसांच्या काही मुलांतही सापडतात. टॉय फॉक्स टेरिअर या कुत्र्यांच्या जातीत आणखी एका जनुकाचा दोष सापडला, तोही माणसात आहे.

सर्वांत बोलका प्रयोग बेडकांवरचा आहे. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना, म्हणजे शेपटीवाल्या बेडूकमाशांना, घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. त्यांची वाढ थांबली आणि ती वेळेआधीच चिमुकले बेडूक बनली. पुढे उलट बाजूही कळली : थायरॉइड काढून टाकलेला बेडूकमासा बेडूक होत नाही, शेपटीसकट मोठा होत राहतो. एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाण्याचा हुकूम हे संप्रेरक देते, हे यातून समजले.

उपचारही आधी जनावराकडूनच मिळाला. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइडच्या कमतरतेने अंग सुजलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली आणि १९१९ पर्यंत, आणखी २८ वर्षे जगली. त्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ मध्ये केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले. आज हजारो मेंढ्यांचे काम एक छोटी गोळी करते.

आपल्याकडे घरोघरी शेळ्या आहेत. गळ्याला गाठ असलेले, केस नसलेले करडू जन्मले तर ते देवीचा कोप म्हणून जंगलात टाकून देऊ नका, पशुधन अधिकाऱ्याला दाखवा. जनावरात दिसलेली आयोडीनची कमतरता ही त्याच विहिरीचे पाणी आणि त्याच शेतातले धान्य खाणाऱ्या घरासाठीही सूचना असू शकते.

मिठाने काय साधले, काय राहिले

जन्मजात कमतरतेची दोन मोठी कारणे आहेत : ग्रंथीतला दोष आणि आयोडीनचा अभाव. दुसऱ्या कारणावर भारताने मोठे काम केले आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. १९८० च्या दशकात डॉ. एन. कोचुपिल्लई यांच्या गटाने उत्तर प्रदेशातल्या गोंडासारख्या जिल्ह्यांत नाळेचे रक्त तपासले, तेव्हा शेकड्यात काही नवजात बाळांना थायरॉइडची कमतरता असल्याचे आढळले. गलगंड म्हणजे गळ्याची कुरूपता एवढेच नव्हे, एका पिढीच्या बुद्धीवर तो घाव आहे, हे तेव्हा धोरणकर्त्यांना पटले. हा प्रश्न फक्त हिमालयाच्या पायथ्याचा नव्हता. महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातही गलगंडाचा पट्टा नोंदला गेला होता. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. २००० मध्ये बिनआयोडीन मिठावरची बंदी उठली होती, ती २००६ मध्ये पुन्हा आली.

आमच्या भागात मिठाला वेगळाच इतिहास आहे. एके काळी व्यापारी आठवडी बाजारात खड्याचे मीठ देऊन त्याच्या बदल्यात आदिवासींकडून चारोळी घेत. आज पिशवीतले आयोडीनयुक्त मीठ दूरच्या गावातही मिळते. तरी तीन गोष्टींकडे लक्ष हवे. एक, जनावरांसाठी म्हणून स्वस्तात मिळणारे मीठ स्वयंपाकात जाऊ नये, त्यात आयोडीन असेलच असे नाही. दोन, मीठ उघड्यावर, ओलाव्यात ठेवले की आयोडीन कमी होत जाते. झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा आणि भाजी शिजत आल्यावर घाला. तीन, पावसाळ्यात आपण आवडीने खातो त्या वास्त्यांत, म्हणजे बांबूच्या कोंबांत, शरीरात गेल्यावर आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्ये तयार करणारे घटक असतात. वास्ते सोडायची गरज नाही. उकळून पाणी फेकून देण्याची आजीची रीत पाळा, म्हणजे त्यांचे प्रमाण बरेच उतरते.

मात्र मीठ कितीही चांगले असले तरी ज्या बाळाला ग्रंथीच नाही, किंवा आहे पण काम करत नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. त्याला गोळीच हवी. त्यासाठी आधी ते बाळ सापडायला हवे.

हिशेब

कॅनडातल्या क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी १९७४ च्या सुमारास नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब सोख कागदावर वाळवून थायरॉइड तपासण्याची पद्धत सुरू केली. आज युरोप, अमेरिका आणि जपानच नव्हे, तर चीन आणि थायलंडमध्येही ही तपासणी मोठ्या प्रमाणावर होते. जगात साधारण ३,००० ते ४,००० बाळांमागे एक असा आकडा पूर्वीपासून सांगितला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा प्रमाण १,१७२ मागे एक निघाले. म्हणजे आपल्याकडे हा आजार जगाच्या मानाने जास्त आहे.

गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख ७३ हजार. जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर वर्षाला सोळा हजार बाळे होतात. संशोधन परिषदेचे प्रमाण इथे लावले तर वर्षाला तेरा-चौदा बाळे, जुना जागतिक आकडा लावला तरी चार-पाच. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण दहा वर्षांत गडचिरोलीत शंभराच्या आसपास मुले या कारणाने मंद राहत असतील, तर त्यातली मला ओपीडीत भेटलेली किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची कुठे आहेत? ती गावात आहेत. कुणी त्यांना ‘मुकी’ म्हणते, कुणी ‘भोळी’, कुणी बाहेरची बाधा समजून पुजाऱ्याकडे नेते. कुणाचे नाव शाळेच्या पटावर आहे, पण ते मूल शाळेत जात नाही.

आमच्याकडे एखादे मूल मलेरियाने किंवा न्यूमोनियाने दगावले तर त्याची नोंद होते, बैठक होते, जाब विचारला जातो, आणि ते योग्यच आहे. हे मूल दगावत नाही. ते जगते आणि म्हणूनच कोणत्याही तक्त्यात येत नाही. आरोग्यखात्याच्या प्राधान्यक्रमात हा आजार मागे राहतो, त्याचे हे मुख्य कारण मला वाटते.

यादीत आहे, पण ‘ऐच्छिक’

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. या कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत जन्मजात थायरॉइड कमतरतेचे नाव आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियासोबत ते ‘ऐच्छिक’ गटात आहे. म्हणजे राज्याला जमेल तसे. केरळने सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी ही तपासणी सुरू केली. गोव्याने २००८ मध्ये, चंदीगडने त्याच सुमारास पाऊल टाकले. मुंबईत तर बालरोगतज्ज्ञ डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच हजारो बाळांच्या तपासणीचा अनुभव प्रसिद्ध केला होता. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत आज ही तपासणी सर्रास होते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा इथल्या प्रत्येक बाळापर्यंत ती नियमाने पोहोचलेली नाही. एकाच राज्यात बाळाची बुद्धी त्याच्या जन्माच्या गावावर ठरावी, हे बरोबर नाही.

सहकाऱ्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला, खर्च. पण तपासणीच्या किटचा खर्च एका मुलाच्या आयुष्यभराच्या परावलंबनापुढे ठेवून पाहिला की चित्र बदलते. दुसरा, चुकीचे ‘पॉझिटिव्ह’ निघाले तर आईबाप घाबरतील. खरे आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी टीएसएच निसर्गतःच वाढते. म्हणून टाचेचे रक्त ४८ ते ७२ तासांत घ्यायचे असते, किंवा बाळ जन्मताच नाळेचे घ्यायचे असते. आकडा जास्त आला तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करायची. नाळेवर पोव्हिडोन आयोडीन लावल्यानेही आकडा तात्पुरता बिघडू शकतो, त्यामुळे ते टाळायचे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : अहवाल आला तरी बाळ सापडणार कसे?

हे मी रोज पाहतो. बाळंतीण माहेरी आलेली असते, महिन्याभरात सासरी जाते. सासर प्राणहितेपलीकडे तेलंगणात असू शकते, नाही तर इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात. पावसात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. फोन लागत नाही. आणि हातात असलेला वेळ दोन आठवड्यांचा. शहरातल्या कार्यक्रमाची नक्कल इथे चालणार नाही, हे मान्य.

सिकलसेलच्या कार्डावर आणखी एक ठिपका

पण आपल्याकडे असलेल्या गोष्टीही मोजा. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. गडचिरोली-चंद्रपूर हा सिकलसेलचा पट्टा असल्याने ही मोहीम आमच्यासाठी महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांवर काम करणारे संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपुरातच आहे. सिकलसेलसाठी नवजात बाळाच्या टाचेतून जे रक्त सोख कागदावर घेता येते, त्याच कागदावरच्या दुसऱ्या ठिपक्यातून टीएसएच कळू शकते. बाळाला सुई एकदाच, कागद एकच, टपाल एकच. वाळलेल्या ठिपक्याला बर्फ लागत नाही. पावसाळ्यात तो नीट वाळवून ओल न शिरणाऱ्या पिशवीत भरला की एसटीनेही जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आशा. नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेता येते, हे जगाला याच जिल्ह्याने शिकवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’चा गडचिरोलीतल्या खेड्यांमधला अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाचा पाया झाला. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिसरा दिवस थेंब घेण्याचा आणि चौदावा दिवस गोळी सुरू झालेली असण्याचा. वेळापत्रक आधीच जुळलेले आहे.

तिसरी गोष्ट माहेरघर. दूरच्या गावातली गरोदर बाई प्रसूतीआधी येऊन राहावी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ही सोय आहे. प्रसूतीनंतरही तिला तिथे तीन दिवस थांबता आले, तर थेंब घेणे सोपे होईल. जिला थांबता येत नाही, तिच्या बाळाचे नाळेचे रक्त जन्मताच घ्यावे. हे काम परिचारिका आजच करू शकते.

राहिला प्रश्न बाळ शोधण्याचा. त्यासाठी जिल्ह्यात एक माणूस हवा, ज्याचे काम एवढेच : आलेला प्रत्येक वाढीव अहवाल त्याच दिवशी त्या गावच्या आशेपर्यंत पोहोचवायचा आणि गोळी सुरू झाल्याची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करायचा. बाळ शेजारच्या राज्यात गेले असेल तर तिथल्या आरोग्य केंद्राला कळवायचे. वर्षाला पाच ते चौदा बाळे. एवढ्यांचा माग एक माणूस सहज ठेवू शकतो. मशीन आणले आणि हा माणूस नेमला नाही, तर अहवालांचे गठ्ठे तयार होतील आणि मुले तशीच राहतील.

सुरुवात जिल्हाभर करायचीही गरज नाही. प्रसूती जास्त होणाऱ्या दोन-तीन रुग्णालयांत वर्षभर प्रत्येक बाळ तपासावे आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. माझा कागदावरचा हिशेब चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

घरच्यांनी काय करावे

घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारा : ‘बाळाचे टीएसएच तपासणार का?’ पंधरा दिवसांहून जास्त कावीळ, घोगरे रडणे, सतत झोप, बद्धकोष्ठ, दूध ओढायला कंटाळा यांतले काहीही असेल तर थांबू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळात हा आजार जास्त आढळतो, त्यांची तपासणी हवीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

गोळी सुरू झाली तर ती रोज, ठरावीक वेळी, चमच्यात चुरून अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात कालवून द्यायची. आधी करून ठेवायची नाही, बाटलीभर दुधात घालायची नाही. लोह किंवा कॅल्शियमचे औषध तिच्यासोबत देऊ नये, काही तासांचे अंतर ठेवावे. पहिल्या महिन्यांत रक्त वरचेवर तपासून डोस बदलावा लागतो, कारण बाळाचे वजन वाढत असते. बाळ ठीक दिसते म्हणून गोळी थांबवणे ही सर्वांत मोठी चूक. काहींची कमतरता तात्पुरती असते, पण ते तीन वर्षांनंतर डॉक्टरांनी गोळी थांबवून तपासायचे असते, घरच्यांनी नव्हे.

एक गैरसमजही दूर करतो. आईला थायरॉइड आहे म्हणून बाळाला हा आजार होतो, असे बहुतेक वेळा नसते आणि यात आईचा दोष नाही. संप्रेरक बनवण्याच्या साखळीतला दोष मात्र आई आणि बाप दोघांकडूनही एकेक बिघडलेली प्रत आली की होतो. मामा-आत्याच्या मुलांत लग्ने होतात तिथे ही शक्यता वाढते. अशा जोडप्याचे एक मूल बाधित असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक एवढा धोका असतो. लग्न मोडण्याचे हे कारण नाही. पुढचे बाळ जन्मताच तपासण्याचे आहे.

त्या मुलीचे आईवडील असेच मामा-आत्याची लेकरे. दोन वर्षांनी आई पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा आशाताईने स्वतःहून निरोप पाठवला. प्रसूती झाली, मुलगा झाला. नाळेचे रक्त पाठवले, आकडा वाढलेला आला, शिरेतले रक्त पुन्हा तपासून नवव्या दिवशी गोळी सुरू केली. तो आता दीड वर्षाचा आहे. परवा तपासणीला आला तेव्हा त्याने माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढला, केसपेपर फाडला आणि उचलून घेतल्यावर आख्खी ओपीडी डोक्यावर घेतली. बाजूला बहीण आईचा पदर धरून शांत उभी होती.

आजी म्हणाली, “हा मात्र भारी त्रास देतो.” तिला मी सांगितले, देऊ द्या, आजी. त्याला असाच त्रास देता यावा म्हणून तर गोळी सुरू केली.